कॅलिफोर्नियाच्या स्टेट कंट्रोलरपदाची निवडणूक: उमेदवार पारखायचा कशावर?

फ्रीमाँटवासी (ऑक्टोबर २०२२)

मतपत्रिका टपालाने घरी आली आहे. गव्हर्नर आणि सिनेटर या पदांच्या उमेदवारांची नावे व मते परिचयाची असल्यामुळे तेथे निर्णय करणे अवघड नाही; परंतु स्टेट कंट्रोलर, म्हणजे राज्याच्या हिशेबांचा अधिकारी, या पदापाशी मी अडले आहे. रिंगणात दोघे आहेत. मालिया कोहेन या डेमोक्रॅटिक पक्षाच्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळावर त्यांनी काम केले असून सध्या त्या राज्याच्या बोर्ड ऑफ इक्वलायझेशनवर, म्हणजे करमंडळावर, आहेत. लान्ही चेन हे रिपब्लिकन. स्टॅनफर्ड विद्यापीठातील हूवर संस्थेत ते अभ्यासक आहेत आणि २०१२ साली राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांच्या प्रचारात धोरणविभागाचे प्रमुख होते. जूनमधील प्राथमिक फेरीत चेन यांना सुमारे ३७ टक्के आणि कोहेन यांना सुमारे २३ टक्के मते मिळाली. अर्थात त्या फेरीत ग्लेझर, गॅल्पेरिन आणि यिऊ या अन्य डेमोक्रॅटिक उमेदवारांमध्ये मते विभागली गेली होती, त्यामुळे त्या आकड्यांवरून नोव्हेंबरचा अंदाज बांधता येत नाही.

माझी अडचण अशी आहे. लॉस एंजेलिस टाइम्ससारख्या वृत्तपत्राने चेन यांना पाठिंबा देताना जो युक्तिवाद केला, त्याचा गाभा असा की राज्याच्या तिजोरीवर नजर ठेवणारा माणूस सत्ताधारी पक्षाच्या बाहेरचा असावा. २००६ नंतर या राज्यात एकही रिपब्लिकन उमेदवार राज्यव्यापी पदावर निवडून आलेला नाही, हे लक्षात घेता तो युक्तिवाद पटण्याजोगा वाटतो. परंतु ज्याच्या पक्षाची एरवीची धोरणे मला मान्य नाहीत, त्याला केवळ हिशेबासाठी मत द्यावे का? शिवाय हा कंट्रोलर प्रत्यक्षात काय करू शकतो, हे समजल्यावाचून कोणत्याही आश्वासनाचे मोल कसे करावे? जाणकारांनी कृपया लिहावे. पक्षाचा प्रचार नको, पदाविषयी बोलावे अशी विनंती.

सॅक्रामेंटोचा लेखनिक

मी राज्य शासनाच्या एका खात्यात हिशेबाचे काम करतो. उमेदवारांपैकी कोणाशीही माझा संबंध नाही.

कंट्रोलरचे पहिले आणि सर्वांत मोठे काम म्हणजे पैसे देणे. राज्याच्या तिजोरीतून निघणारी देयके, शासकीय नोकरांचे पगार, शाळांना आणि काउंटींना (राज्यातील जिल्ह्यांना) जाणाऱ्या रकमा या सर्वांवर या कार्यालयाचा शिक्का लागतो. मागण्या कायद्याला धरून आहेत की नाहीत हे तपासण्याचा, तसेच शहरे, काउंटी आणि शाळामंडळे यांच्या हिशेबांची तपासणी करण्याचा अधिकारही त्याच कार्यालयाकडे आहे. अर्थसंकल्प कसा असावा हे मात्र कंट्रोलर ठरवीत नाही; ते काम गव्हर्नरच्या अर्थखात्याचे आणि विधिमंडळाचे आहे. आणखी एक गोष्ट बहुतेक मतदारांच्या लक्षात येत नाही. ‘स्टेट ऑडिटर’ हा या राज्यात वेगळा अधिकारी असून तो निवडून येत नाही. विधिमंडळाच्या लेखापरीक्षण समितीने सुचविलेल्या तीन नावांतून गव्हर्नर त्याची नेमणूक करतात. साथीच्या काळात बेकारी भत्त्यात जो घोटाळा झाला, ज्यात सुमारे २० अब्ज डॉलर लबाडांच्या हाती गेल्याचे राज्याने २०२१ मध्ये मान्य केले, त्यावरचे कठोर अहवाल त्या वेळच्या स्टेट ऑडिटर एलेन हाउल यांचे होते, कंट्रोलर बेटी यी यांचे नव्हते. तेव्हा त्या प्रकरणावर कोणी उमेदवार तावातावाने बोलू लागला, तर कंट्रोलर म्हणून कोणत्या तरतुदीखाली आणि किती माणसांकडून तो ही तपासणी करणार आहे, हे त्याला विचारावे.

पक्षाचा प्रश्न आपण काढला आहे म्हणून जॉन चियांग यांच्या कारकिर्दीकडे पाहा. ते डेमोक्रॅट होते आणि २००७ ते २०१५ या काळात कंट्रोलर होते. २००८ मध्ये अर्थसंकल्प रखडला असता रिपब्लिकन गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी सुमारे दोन लाख नोकरांचे वेतन तात्पुरते संघराज्याच्या किमान वेतनापर्यंत, म्हणजे ताशी ६.५५ डॉलरवर आणण्याचा आदेश काढला. चियांग यांनी तो अमलात आणण्यास नकार दिला आणि जी कारणे सांगितली, त्यांत पगाराची जुनी संगणकप्रणाली असा बदल पेलणार नाही हेही एक होते. २००९ च्या जुलैत तिजोरीत रोकड उरली नाही, तेव्हा त्यांनीच पैशांऐवजी वचनपत्रे दिली. २०११ चे प्रकरण मात्र सर्वांत बोलके आहे. १५ जूनपर्यंत अर्थसंकल्प मंजूर झाला नाही तर आमदारांचे वेतन थांबेल, अशी तरतूद मतदारांनी आदल्या वर्षी केली होती. आमदारांनी मुदतीत एक अर्थसंकल्प मंजूर केला, गव्हर्नर ब्राउन यांनी तो फेटाळला आणि चियांग यांनी तो संतुलित नसल्याचे जाहीर करून आमदारांचे वेतन रोखले. विधिमंडळात बहुमत त्यांच्याच पक्षाचे होते, हे येथे लक्षात ठेवावे. लोकांनी टाळ्या वाजविल्या, परंतु २०१२ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की अर्थसंकल्प संतुलित आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार कंट्रोलरला नाही.

निवृत्त लेखापरीक्षक, नागपूर

मी नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून निवृत्त झालो असून मुलीकडे सॅन होजे येथे अधूनमधून येत असतो. मला येथे मत नाही; तरीही विषय आयुष्यभराच्या कामाचा असल्यामुळे लिहितो.

आपल्याकडे पैसे देणे आणि हिशेब तपासणे ही दोन्ही कामे आज एकाच माणसाच्या हाती नाहीत. महाराष्ट्रात पैसे देण्याचे काम कोषागारे करतात, मुंबईत अधिदान व लेखा कार्यालय करते. लेखापरीक्षा मात्र भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या यंत्रणेकडे आहे. घटनेच्या १४८ व्या कलमानुसार राष्ट्रपती त्यांची नेमणूक करतात, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या रीतीने पदच्युत करावे लागते त्याच रीतीने त्यांना दूर करता येते, आणि निवृत्तीनंतर केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही पदावर त्यांची नेमणूक होऊ शकत नाही. या शेवटच्या अटीचे महत्त्व आम्हां लेखापरीक्षकांना फार वाटते. ज्याला पुढे काही मिळवायचे नाही त्याची लेखणी मोकळी चालते. कॅलिफोर्नियाचा कंट्रोलर मात्र दोन मुदतींनंतर पुढचे पद शोधू लागतो. वर उल्लेख झालेले चियांग कंट्रोलरनंतर राज्याचे खजिनदार झाले आणि २०१८ साली गव्हर्नरपदासाठीही उभे राहिले. यात बेकायदेशीर काही नाही. परंतु देणगीदारांकडून प्रचारासाठी पैसे घेणारा माणूस त्यांच्याशी संबंधित देयके कशी तपासणार, हा प्रश्न मला पडतो. उमेदवार कितीही सज्जन असला तरी तो प्रश्न मिटत नाही, कारण तो रचनेतच आहे.

शिकागोकर

नागपूरच्या काकांनी जो प्रश्न उपस्थित केला आहे, त्याचे उत्तर आमच्या इलिनॉय राज्याने फार महागात पडल्यावर शोधले.

१९५२ साली ऑर्विल हॉज नावाचे रिपब्लिकन गृहस्थ येथे ‘ऑडिटर ऑफ पब्लिक अकाउंट्स’ म्हणून निवडून आले. पैसे देण्याचे आदेश काढणे आणि हिशेब तपासणे ही दोन्ही कामे त्या पदाकडे होती. त्यांनी बनावट देयके काढून ती वटविली आणि लाखो डॉलर स्वतःकडे वळविले. ज्याने चोरी पकडायची त्याच्याच कार्यालयात चोरी चालू असल्यामुळे ती आतून उघडकीस येण्याची शक्यताच नव्हती. १९५६ मध्ये शिकागो डेली न्यूजच्या वार्ताहराने प्रकरण बाहेर काढले आणि हॉज तुरुंगात गेले. तोवर त्यांचे नाव गव्हर्नरपदाचे भावी उमेदवार म्हणून घेतले जात होते, हे विशेष. १९७० च्या नव्या राज्यघटनेत हे पद मोडून दोन पदे करण्यात आली: पैसे देणारा कंट्रोलर लोकांनी निवडायचा आणि तपासणी करणारा ऑडिटर जनरल विधिमंडळाने नेमायचा, तोही दहा वर्षांच्या मुदतीसाठी आणि दोन्ही सभागृहांतील तीन पंचमांश मतांनी, म्हणजे एकट्या पक्षाला सहसा तो आपल्या सोयीने बसविता येऊ नये.

कॅलिफोर्नियातही स्टेट ऑडिटर वेगळा आहे, असे वर सांगितलेच आहे. त्यामुळे हॉजसारखे प्रकरण तेथे इतक्या सहजपणे घडणार नाही. परंतु त्याच कारणाने ‘सत्ताधाऱ्यांवर पहारा ठेवण्यासाठी दुसऱ्या पक्षाचा कंट्रोलर हवा’ या म्हणण्यातील जोरही कमी होतो. पहाऱ्याचे मुख्य काम त्या पदाकडे नाहीच.

ओकलंडहून

मी कोहेन यांना मत देणार आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे लिहिणे त्या दृष्टीने वाचता येईल.

आतापर्यंतच्या चर्चेत कंट्रोलर म्हणजे जणू केवळ मुख्य लेखापाल असे गृहीत धरले गेले आहे. प्रत्यक्षात तो राज्याच्या सत्तरएक मंडळांवर आणि आयोगांवर बसतो. कॅलपर्स हा शासकीय नोकरांचा आणि कॅलस्टर्स हा शिक्षकांचा निवृत्तिवेतन निधी. पहिल्याची मालमत्ता ४०० अब्ज डॉलरांहून अधिक आणि दुसऱ्याची ३०० अब्जांच्या आसपास आहे, आणि दोन्हींच्या मंडळांवर कंट्रोलरला मत आहे. तेल कंपन्यांतील गुंतवणूक काढून घ्यावी की नाही, निवृत्तांना दिलेल्या वचनांसाठी किती परतावा गृहीत धरावा, हे प्रश्न तेथे मतदानाला येतात. आयकर गोळा करणाऱ्या फ्रँचाइज टॅक्स बोर्डावर तीनच सदस्य असतात व त्यांत कंट्रोलर एक आहे. किनारपट्टीच्या जमिनी सांभाळणाऱ्या तीनसदस्यीय आयोगावरही तो असतो. यांपैकी कोणताही निर्णय निव्वळ बेरीज-वजाबाकीचा नाही. तेथे माणसाची मूल्ये लागतात, म्हणून त्याचा पक्षही लागतो. मूळ प्रश्नातील ‘केवळ हिशेबासाठी मत’ ही कल्पनाच मला त्यामुळे अपुरी वाटते.

कोहेन यांनी करमंडळावर काम केलेले आहे. चेन विद्वान आहेत यात शंका नाही. हार्वर्डच्या चार पदव्या आणि ओबामांच्या काळात सामाजिक सुरक्षा सल्लागार मंडळावर नेमणूक ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ते कधी निवडून आलेले नाहीत आणि एवढे मोठे कार्यालयही त्यांनी चालविलेले नाही.

न्यूयॉर्कमध्ये काय होते, तेही पाहावे. तेथे राज्याच्या निवृत्तिवेतन निधीचा एकटा विश्वस्त कंट्रोलरच असतो. मंडळ नाही, दुसरे मत नाही. ॲलन हेवेसी यांनी सरकारी नोकराला पत्नीचा वाहनचालक म्हणून वापरल्याचे २००६ मध्ये उघड झाले. तरीही नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले आणि डिसेंबरमध्ये त्यांना पद सोडावे लागले. पुढे निधीच्या गुंतवणुकीतील लाचेच्या प्रकरणी त्यांनी २०१० मध्ये गुन्हा कबूल केला आणि २०११ मध्ये ते तुरुंगात गेले. त्या मानाने कॅलपर्सच्या तेरा जणांत आपला कंट्रोलर एक असतो, हे बरेच म्हणायचे.

सॅक्रामेंटोचा लेखनिक

ओकलंडच्या ताईंचे मंडळांविषयीचे म्हणणे मला मान्य आहे. अनुभवाविषयी मात्र थोडे निराळे मत मांडतो. ज्या करमंडळाचा अनुभव सांगितला जातो, त्याच्याकडील बहुतेक अधिकार, गैरकारभार उघडकीस आल्यामुळे, विधिमंडळाने २०१७ मध्येच काढून घेतले. कोहेन त्यानंतर, २०१८ मध्ये निवडून आल्या. म्हणजे त्या गैरकारभाराशी त्यांचा संबंध नाही, पण ज्या मोठ्या यंत्रणेचा अनुभव मानला जातो तीही त्यांना मिळालेली नाही.

माझ्या दृष्टीने खरी कसोटी अगदी नीरस जागी आहे. राज्याचा वार्षिक आर्थिक अहवाल गेली काही वर्षे वेळेवर निघालेला नाही. सर्व खात्यांचे हिशेब ‘फिस्कल’ नावाच्या नव्या प्रणालीवर आणण्याचे काम रेंगाळले आहे, एकेका खात्याचे हिशेब उशिरा बंद होतात, आणि त्यामुळे संपूर्ण राज्याचा ताळेबंद अडतो. पगाराच्या प्रणालीची कथा याहून जुनी आहे. तिच्या जागी नवी बसविण्याचा प्रकल्प सुमारे २५ कोटी डॉलर खर्च झाल्यावर २०१३ मध्ये थांबविण्यात आला. ही दोन कामे जो मार्गी लावील तो चांगला कंट्रोलर, असे मी म्हणेन. मात्र त्यावर प्रचाराची जाहिरात करता येत नाही. चेन यांनी अहवालाच्या विलंबाचा मुद्दा लावून धरला आहे आणि राज्याच्या देयकांची तपशीलवार यादी लोकांसमोर ठेवण्याचे वचन दिले आहे, याचे श्रेय त्यांना द्यावे लागेल. परंतु ती यादी निघणार ज्या प्रणालीतून, तीच अपुरी असेल तर वचन पाळणार कसे, हे मला त्यांच्या प्रचारात कोठे नीट वाचायला मिळालेले नाही.

स्थानिक हिशेबतपासणीविषयी एक उदाहरण राहून गेले. लॉस एंजेलिसजवळच्या बेल या लहानशा आणि गरीब शहराचा व्यवस्थापक वर्षाला सुमारे ७,८७,००० डॉलर वेतन घेत असल्याचे २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने छापले. त्यानंतर चियांग यांनी त्या शहराचे हिशेब तपासले, बेकायदेशीर करवसुली दाखवून दिली आणि राज्यभरातील शहरांना व काउंटींना आपापल्या अधिकाऱ्यांची वेतने कळविण्यास भाग पाडून ती संकेतस्थळावर ठेवली. ती आजही कोणालाही पाहता येतात. त्यासाठी ना नवा कायदा करावा लागला, ना न्यायालयात जावे लागले. असलेला अधिकार वापरला एवढेच.

जाता जाता: बेवारस ठेवींची नोंदही याच कार्यालयाकडे असते. विसरलेली बँकखाती, जुन्या घरमालकाकडे राहिलेली अनामत, न वटविलेले धनादेश असे अब्जावधी डॉलर तेथे पडून आहेत. आपले नाव संकेतस्थळावर शोधावे, आणि मराठी नावांच्या इंग्रजी स्पेलिंगचे सर्व प्रकार घालून पाहावे.

फ्रीमाँटवासी

सर्वांचे मनापासून आभार. उमेदवार ज्याविषयी सर्वांत मोठ्याने बोलत आहेत ते बहुधा या पदाच्या कक्षेबाहेर आहे आणि जे कक्षेत आहे त्याविषयी ते फार थोडे बोलतात, असे मला दिसू लागले आहे. दोन्ही प्रचारकार्यालयांना मी पत्र लिहून वार्षिक अहवाल आणि पगारप्रणाली यांविषयीच विचारणार आहे. निवृत्तिवेतन मंडळांचा मुद्दा मला अगदीच ठाऊक नव्हता. त्याने माझे पारडे थोडे कोहेन यांच्याकडे झुकले आहे, हे मान्य करते. अंतिम निर्णय उत्तरे वाचून करीन.

सॅक्रामेंटोचा लेखनिक (डिसेंबर २०२२)

नोंदीसाठी निकाल: कोहेन सुमारे ५५ टक्के मते मिळवून निवडून आल्या. चेन यांना सुमारे ४५ टक्के मिळाली, म्हणजे त्यांच्याच पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवारापेक्षा सुमारे चार टक्क्यांनी अधिक. काही डेमोक्रॅटिक मतदारांनी या एका पदासाठी पक्षाची रेषा ओलांडली असावी, पण पुरेशांनी नाही. जानेवारीत कोहेन पदभार घेतील. वार्षिक अहवाल केव्हा निघतो याकडे माझे लक्ष राहील.

बोस्टनकर (नोव्हेंबर २०२४)

जुना धागा वर आणतो आहे, कारण पक्षाचा जो प्रश्न येथे विचारला गेला होता त्याविषयी मॅसॅच्युसेट्समध्ये याच महिन्यात महत्त्वाची घटना घडली.

आमच्याकडे ऑडिटर लोकांनी निवडलेला असतो आणि त्याचे काम तपासणीचेच असते. २०२२ मध्ये सुझॅन बंप निवृत्त होत असल्याने पद रिकामे झाले. डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत बंप यांचा पाठिंबा क्रिस डेम्प्सी यांना होता, परंतु राज्याच्या सिनेटर डायना डिझोग्लिओ जिंकल्या. पुढच्या फेरीत त्यांनी रिपब्लिकन अँथनी अमोर यांचा पराभव केला. अमोर हे इझाबेला स्ट्यूअर्ट गार्डनर संग्रहालयाच्या सुरक्षेचे प्रमुख, आणि लोकप्रिय गव्हर्नर चार्ली बेकर यांचा त्यांना पाठिंबा होता. डिझोग्लिओ यांचे मुख्य आश्वासन एकच होते: ज्या विधिमंडळात मी स्वतः बसले, त्याच विधिमंडळाचे लेखापरीक्षण करीन. २०२३ मध्ये त्यांनी ते सुरू करण्याचे जाहीर केले. दोन्ही सभागृहांच्या अध्यक्षांनी सत्ताविभाजनाचा आधार घेऊन नकार दिला आणि महान्यायवादी अँड्रिया कॅम्पबेल यांनीही, विधिमंडळाच्या संमतीवाचून ऑडिटरला असा अधिकार नाही, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२३ मध्ये कळविला. ही सारी मंडळी एकाच पक्षाची आहेत! तेव्हा डिझोग्लिओ थेट मतदारांकडे गेल्या. ५ नोव्हेंबरला या प्रश्नावर मतदान झाले आणि सुमारे ७२ टक्के मतदारांनी ऑडिटरला तो अधिकार देण्याच्या बाजूने कौल दिला.

माझ्या माहितीतील कित्येकांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी परस्परविरुद्ध मते दिली, पण या प्रश्नावर ‘होय’ म्हटले. विधिमंडळाचे नेते मात्र अजूनही घटनेकडेच बोट दाखवीत आहेत, त्यामुळे प्रकरण न्यायालयात जाण्याची शक्यता मोठी दिसते.

निवृत्त लेखापरीक्षक, नागपूर

बोस्टनकरांचे वृत्त वाचून आश्चर्य वाटले. आपल्याकडे राज्याच्या एकत्रित निधीतून होणारा प्रत्येक खर्च लेखापरीक्षेच्या कक्षेत येतो आणि विधिमंडळ सचिवालयाचा खर्च त्याच निधीतून होत असल्यामुळे तो वगळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आपली उणीव दुसऱ्या टोकाला आहे. १५१ व्या कलमानुसार राज्याचे अहवाल राज्यपालांकडे जातात आणि राज्यपाल ते विधिमंडळापुढे ठेववितात. परंतु किती दिवसांत ठेवावेत याची मुदत त्या कलमात घातलेली नाही. परिणामी महाराष्ट्रात ते बहुधा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी सभागृहात येतात, त्यावर चर्चेला वेळ उरत नाही, आणि पुढे लोकलेखा समितीच्या हाती पडेपर्यंत ज्या अधिकाऱ्याला जाब विचारायचा तो कित्येकदा माझ्यासारखा निवृत्त झालेला असतो.